एका पायावर मानीबाई

आर्णीजवळच्या आमच्या तांड्यात मानीबाई डोक्यावर दोन घागरी घेऊन हात न लावता चालायची. बासष्ट साली ती कापसाच्या बैलबंडीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. यवतमाळच्या दवाखान्यात महिनोन्‌महिने काढल्यावर हाड जुळलं, पण तोल गेला तो गेलाच. सपाट वाटेवरही ती कलंडायची. तिथल्या विमलताई नर्सनं तिला नवऱ्यादेखत, नेमसिंगदेखत, व्यायाम शिकवला. आधी भिंत धरून, मग सोडून, एका पायावर उभं राहायचं आणि जमलं की डोळे मिटायचे. पाय कुठं आहे हे न बघता कळलं पाहिजे, असं ताई म्हणाल्या.

घरी आल्यावर मानीबाई पहाटे झोपडीमागे उभी राहू लागली. लोकांसमोर पडायची तिला लाज वाटे. पण तांड्यात लपवलेली गोष्ट आधी दिसते. शेजारच्या भावसिंगनं पाहिलं ते असं: बाई एका पायावर, डोळे मिटलेले आणि ओठ हलताहेत. त्याच आठवड्यात त्याचं वासरू मेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण हे त्याला कोण सांगणार? ही डाकण आहे, करणी करते, असं तो सांगत सुटला. बायका तिच्या अंगणातून आपापली पोरं उचलून न्यायला लागल्या.

तांड्याचा प्रमुख असलेल्या धावजी नाईकाच्या अंगणात पंचायत बसली. डाकण ठरली तर तिला तांडा सोडावा लागणार होता. बायको पहाटे काय करते, असं नाईकानं आधी नेमसिंगलाच विचारलं. दवाखान्यात सगळं पाहिलेला हा माणूस मूग गिळून बसला. ओठ हलवायला ताईंनी शिकवलं नव्हतं, म्हणून त्याच्याही मनात पाल चुकचुकत होती. मला त्याचा अजून राग येतो.

मानीबाईनं टेकायची काठी खाली टाकली. भर उन्हात एक पाय उचलला, डोळे मिटले आणि रोज ओठांत म्हणायची ते मोठ्यानं म्हणू लागली. एक, दोन, तीन. मध्येच डोलली, सावरली, पुढे म्हणत राहिली. भावसिंग मंत्राची वाट पाहत होता.

शेवटी नाईक म्हणाला, "बाई मोजून राह्यली. उठा आता, घरी जा."

आकडेसुद्धा मंत्राचेच असतील, असं भावसिंग पुटपुटला, पण लोक उठले होते.

नेमसिंग काठी उचलून तिचा हात धरायला पुढे आला. तिनं हात मागे घेतला.

"मी डोळे मिटून उभी होती," ती म्हणाली. "तुले त सारं माहीत होतं. बोलला काहून नाही?"

ती एकटीच उतारावरून घराकडे निघाली आणि तो तिची काठी घेऊन मागून चालत राहिला.