सुरी गेली तिथवर

नव्वदच्या दशकात जासईला माझा नवा दवाखाना होता. एका सकाळी एक म्हातारा लंगडत आत आला. डोंगरात मारलेलं रानडुक्कर सोलताना सुरी सटकून त्याच्या मांडीत खोल घुसली होती. वर करकचून पंचा बांधला होता, तरी रक्त वाहतच होतं. बसण्याआधी त्याने तीच सुरी पुसून माझ्या टेबलावर ठेवली.

"धार मी लावलीय. जखम सरल हाय, टाके नीट बसतील. तू घाबरू नको."

मी टाके घातले. त्याची मांडी हलली नाही.

आठवड्याने टाके काढायला आला, तेव्हा त्याने त्याच डुकराच्या सुकवलेल्या मटणाची पुडी पुढे केली.

"मी कुठे होतो शिकारीला?" मी विचारलं.

"शिकारीत ज्याचा हात लागला त्याला वाटा. सुरी गेली तिथवर तुजा हात गेला."