भिंतीवरची काच

माझ्या वहिनीशी कुणी भांडायला गेलं, की ती आधी त्याच्या घराखाली कुठली माती आहे ते विचारते. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. पितळी कड्यात चिकणमातीची वडी बसवायची, वर वजन ठेवायचं आणि ती किती दबली ते सुईवर बघत राहायचं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी विचारलं होतं, "वहिनी, चिखल दाबायचा पगार मिळतो तुला?"

"वन्सं, तुम्ही ज्याच्यावर उभ्या राहून हसताय ना, तोही चिखलच आहे," ती म्हणाली.

आगाऊ आहे, असं मी मनात म्हटलं. पण आईचं कंबरेचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं या आगाऊ बाईनेच केलं. आई मागच्या खोलीत पडून असे आणि येईल त्याला बजावत असे, "या घरातून मी आता आडवीच निघणार. त्याआधी मला कुणी हलवायचं नाही."

मग शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोल खड्डा खणायला घेतला. खड्ड्यात पाणी लागलं आणि पंप अखंड घरघरू लागले. आम्हाला नुसता आवाजाचा त्रास, वहिनीचं मात्र जेवणातलं लक्षच उडालं. "आपलं घर ओल्या चिकणमातीवर उभं आहे," ती म्हणाली. "मातीतलं पाणीही आपला भार पेलतंय. ते उपसलं की सगळं ओझं मातीवर येणार आणि ती दबणार. खड्ड्याच्या बाजूला जास्त दबेल. मग घर फाटेल."

मागच्या खोलीच्या भिंतीला भेग पडलीच. वहिनी खड्ड्यावरच्या इंजिनीअरकडे गेली, मीही गेले. तो वाईट माणूस असता तर शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. पण त्याने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, जुन्या घराला भेग असतेच. ती वाढतेय एवढं मला दाखवा, त्याच दिवशी पंप बंद करतो." हातच्या काकणाला आरसा कशाला? पण साहेबाला आरसाच हवा होता.

वहिनीने तोही दिला असता. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवायची, ही प्रयोगशाळेतल्यांची पद्धत. काच ताणली जात नाही. भेग केसभर रुंदावली तरी पट्टी तडकते. माझा दादा काचेच्या दुकानात कामाला. त्यानेच काच कापायच्या हिरकणीने पातळ पट्ट्या कापून दिल्या आणि वहिनीने त्या आईच्या उशाशी भिंतीवर लावल्या.

कामावरून आली की ती आधी त्या पट्ट्यांवर बॅटरी मारायची. पट्ट्या शाबूत. मला हायसं वाटायचं आणि ती मात्र खचत चालली होती. परसातली माती प्रयोगशाळेत नेऊन तिने दाबून पाहिली, पुन्हा पाहिली. सुई खालीच जायची. "एवढी माती दबते तर भिंत हलत कशी नाही? वन्सं, काच खोटं बोलत नाही. मग माझंच डोकं फिरलंय का?" असं म्हणून ती ओट्यापाशी रडली. मी तिला झोप काढायला सांगितलं. दादा जागेवरून उठून बाहेर गेला.

एका दुपारी मागच्या खोलीचं दार उघडेना. चौकटच वाकडी झाली होती. आत आई हाका मारत होती, वरून माती गळत होती आणि वहिनी दारावर खांदे आपटत होती. दादा दुकानातून धावत आला. परसाकडच्या मोठ्या खिडकीभोवती त्याने हिरकणी फिरवली आणि अख्खी काच अलगद काढून घेतली. त्या खिडकीतून आम्ही आईला गादीसकट बाहेर काढलं. आडवीच. तिने पदराने तोंड झाकून घेतलं होतं.

गादीखालून एक पुडकं पडलं. आत काचेच्या पट्ट्या होत्या, सगळ्या मधोमध तडकलेल्या, टोकांना प्लास्टर.

"पट्टी तडकली की आई रडायची," दादा म्हणाला. "म्हणायची, सुनेला दिसलं तर मला इथून हलवेल, तू नवी लाव. मला वाटलं, काचच तर आहे."

वहिनी पुडकं घेऊन तशीच खड्ड्याकडे पळाली. इंजिनीअरने पट्ट्या पाहिल्या आणि दिल्या शब्दाला जागून त्याच क्षणी पंप बंद केले. पण दबलेली माती पुन्हा उठत नाही. मागची खोली कोसळली आणि उरलेलं घर आम्हालाच पाडावं लागलं.

आता भाड्याची एक खोली आहे. आई भिंतीकडे पाठ करून झोपते, घराचं नाव काढत नाही. परवा रंगाला एक बारीक चीर दिसली. रंगच उकललाय, असं मी म्हणत होते, तरी वहिनीने तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली. मग दादापुढे हात केला. त्याने खिशातून हिरकणी काढून दिली. पट्टी बदलली तर लगेच कळावं म्हणून वहिनीने काचेच्या कोपऱ्यात स्वतःची सही कोरली. ती कोरून होईपर्यंत दादा बॅटरी धरून उभा होता.