तीन नंबरच्या शेजारी सतरा

माझ्या ओसरीवर नकाशा पसरून बसलेली मृणाल एकदम थांबली. "आजी, तीन नंबरच्या शेजारी सतरा, आणि सतराच्या शेजारी अठ्ठावीस. असं कसं?"

मृणाल आर्किटेक्चर शिकते. मानवतजवळची आमची सूतगिरणी बंद पडली, तिच्या कामगार कॉलनीवर तिचा प्रोजेक्ट आहे. दोन दिवस टेप लावून तिनं क्वार्टर्स मोजली होती. उत्तरही तिनंच शोधून आणलं होतं. कॉलनी तीन टप्प्यांत बांधली असावी आणि नंबर हुद्द्यावरून दिले असावेत. वहीत बाणसुद्धा काढले होते. मी चहा दिला आणि तिला सगळं बोलू दिलं. एवढी मेहनत मधेच मोडू नये. शिवाय मजा वाटत होती.

मग सांगितलं, की ते नंबर मी लावले. हातोडी वॉचमनची, अक्कल माझी.

तेव्हा मी चोवीस वर्षांची, लेबर वेलफेअर ऑफिसर. म्हणजे कामगारांची घरं, पाणी, पाळणाघर आणि भांडणं बघणारी. कडक इस्त्रीची साडी, काखेत रजिस्टर, समाजकार्याची पदवी अगदी ताजी. समाज समोर उभा असला तरी मी आधी पुस्तकात बघायचे. प्रोबेशनचा शेवटचा महिना चालू होता. मॅनेजरसाहेबांची सही झाली की नोकरी पक्की. नाही झाली तर परत गंगाखेडला, वडिलांकडं. तिथं त्यांनी मुलगा बघूनच ठेवला होता. मुलगा चांगला होता, म्हणून तर जास्त भीती.

सही व्हायच्या आधी काहीतरी करून दाखवावं म्हणून मी क्वार्टर्सची तपासणी काढली. तीन लाईनी, प्रत्येकीत दहा घरं. रजिस्टर उघडून दारोदार फिरले. तिसांपैकी जेमतेम चार घरांत रजिस्टरमधला माणूस सापडला. बाकीचे भलत्याच दारात. मला पोटभाड्याचा घोटाळा दिसला. कुणाला विचारलं का? छे. विचारलं तर ऑफिसर कसली?

रविवारी सगळ्यांनी आपापल्या नंबरात परत जायचं, अशी नोटीस लावली. दिवसभर खाटा, ट्रंका, कोंबड्या इकडून तिकडं. माणसांनी ऐकलं. एक शेळी तेवढी ऐकेना, रोज संध्याकाळी जुन्या दारात जाऊन उभी राहायची. तिच्याकडं मी लक्ष द्यायला हवं होतं. पण मी हेड ऑफिसला रिपोर्ट लिहिण्यात गुंग. 'रजिस्टर आणि क्वार्टर्स तंतोतंत जुळतात.' शाबासकीचं पत्र आलं. मी ते उशाखाली ठेवून झोपले.

पंधरवडा झाला असेल, साहेबांनी बोलावलं. रिंग फ्रेमवरचं सूत घटलं होतं. रिंग फ्रेम म्हणजे सुताला पीळ देऊन ते बॉबिनवर गुंडाळणारं मशीन. त्यावर तार तुटत राहते, आणि उभ्या माणसानं ती पटकन सांधायची असते.

"मशीन ठीक, कापूस ठीक," साहेब म्हणाले. "माणसं उभ्याउभ्या डुलक्या घेताहेत. वेलफेअर तुमच्याकडं आहे ना? सोमवारपर्यंत कारण सांगा. तोवर तुमचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये."

मी लगेच उपाय केला. आहारावर व्याख्यान दिलं. पालक कसा खावा. तिघं व्याख्यानातच झोपले.

शेवटी मी गयाबाईच्या दारात गेले. तिचा नवरा रिंग खात्यात होता. तिनं आधी तोंडावर बोट ठेवलं. आत नवरा झोपला होता, म्हणजे झोपायचा प्रयत्न करत होता. शेजारी मिरची कांडणं चालू, समोर रेडिओ.

"बाई, तुमच्या रजिस्टरात झोपेचा रकाना हाय का?"

"नाही."

"मंग बसा."

तिनं हळू आवाजात समजावलं. कामगारांचे तीन ग्रुप. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची, पण अख्खा ग्रुप एकदम. म्हणून लोकांनी आपसांत घरं बदलून एका लाईनीत एक ग्रुप बसवला होता. ज्या लाईनीची रात्रपाळी, ती लाईन दिवसा चिडीचूप. कांडण नाही, रेडिओ नाही. भाजीवालासुद्धा तिथं मुक्यानं फिरायचा.

"तुमी आमाला नंबरानं बसिवलं," गयाबाई म्हणाली. "आता हरेक लाईनीत कुनी ना कुनी झोपायलंय, अन् शेजारी कुनी ना कुनी मिरची कांडायलंय."

"मग आधी सांगायचं ना."

"तुमी लय घाईत होत्या."

आता माझी पंचाईत. लोकांना परत हलवावं तर रिपोर्ट खोटा पडतो. न हलवावं तर डुलक्या. दोन्हीकडून गंगाखेड. मी रडकुंडीला आले तशी गयाबाई दारावरच्या नंबराच्या पत्र्याकडं बघत म्हणाली, "मानसं आमी हलवतो. पत्रे तुमी हलवा."

रविवारी पुन्हा खाटा निघाल्या. मागून मी आणि वॉचमन. ज्याचं जे दार, त्यावर त्याचा पत्रा. शेळी त्या दिवशी कुणी न हाकता घरी गेली.

सोमवारी साहेब बघायला आले. "एकच्या शेजारी चौदा?"

"साहेब, चौदा नंबरचा माणूस चौदा नंबरातच राहतो. रजिस्टर लावून बघा."

त्यांनी रजिस्टर लावलं. चार दारं पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. "इथं एवढं शांत कसं?"

"नाईटवाल्यांची लाईन आहे, साहेब."

साहेबांनी स्वतःचा आवाज खाली आणला आणि परत फिरले. आठवड्यानं कागद ड्रॉवरमधून बाहेर आला, सहीसकट. पोस्टमननं मात्र मला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

मृणालनं बाण खोडले. "आजी, मग अक्कल तुमची कुठं? ती तर गयाबाईची."

रिटायर होईपर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं.

"तिचंच नाव लिही," मी म्हटलं. "आणि आता चल कॉलनीत. तिथं गयाबाईची सून अजून राहते. दोन दिवस भिंती मोजल्यास, तिला एकदा तरी विचारलंस का?"

नकाशाची घडी मृणालनं माझ्यासारखीच घाईघाईत घातली.