हट्ट्याचं चाळिसावं कार्ड

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. उभा जन्म डॉक्टरकीत गेला. अंगात आलेल्या बाईच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला की अंगातलं आपोआप निघून जातं, हे मी किती वेळा पाहिलंय. इथे लोक टाकतात ते भुतांचे अनुभव नात मला वाचून दाखवते आणि मी नाक मुरडतो. परवा ती वैतागून म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे पण एक आहे ना? मग तो का नाही सांगत?" आता चोराच्या मनात चांदणं... बसलो सांगायला. टाइप तीच करतेय.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, आपल्याकडे निजामाचं राज्य. मी हैदराबादला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. शिकवणं उर्दूतून, औषधांची नावं इंग्रजीतून आणि शिव्या अस्सल मराठीतून, असा आमचा कारभार. क्विनाईन सगळं लढाईवर जायचं. त्याच्या बदली हिवतापासाठी मेपाक्रिन नावाची पिवळी गोळी आली होती. ती खेड्यात कितपत लागू पडते ते पाहून निबंध लिहायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं. माझे मामा हट्ट्याला राहायचे, म्हणून मी गाव तेच घेतलं. हट्टा म्हणजे वसमत तालुक्यातलं मोठं गाव. तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, आता हिंगोलीत.

चाळीस पेशंट, चाळीस कार्डं. प्रत्येकाचा कार्डावर अंगठा घ्यायचा, रक्ताचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहायचा, पंधरा दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. मग महिन्याने परत जाऊन प्रत्येकाला पुन्हा तपासायचं — बरा का नाही. सरांची अट एकच. ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याला बरा लिहायचं नाही.

या गोळीची एक गंमत आहे. घेतली की कातडी पिवळी पडते. बाकी ठिकाणी म्हणे लोक घाबरून गोळ्या फेकून द्यायचे. पण आमचा मुलूख पडला हळदीचा. लोक उलट खूश. "औषध अंगी लागलं, हळद चढली," म्हणून एकमेकांना हात दाखवत फिरायचे.

महिन्याने मी पुन्हा हट्ट्याला गेलो आणि मामांच्या ओसरीवर दुकान मांडलं. बायका आल्या की शेजारी मामी बसायच्या. पहिल्या दिवशी बारा जण आले. एकेक असा ठणठणीत, पिवळाधमक, की काय सांगू. मी हरखलो. मनातल्या मनात मेडल गळ्यात घालून घेतलं. शेवटच्या गड्याचं बोट टोचायचं म्हणून त्याचा हात कार्बोलिक साबणाने धुतला, तर पिवळा हात लालभडक झाला.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे बायकांना विचारा. मी चिडून एकेकाचे हात धुवायला लावले. बारापैकी सात लाल.

मारोतराव म्हणून एक म्हातारे होते, त्यांनीच ही सगळी जुळणी केली होती. त्यांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, "तुमी हैदराबादहून इतक्या लांब आलाव. आता तुमच्या म्होरं कुथणारं, वाळलेलं मानूस आणून बसवावं व्हय? घरातलं चांगलं मानूस पाठिवलं. पाव्हण्याचं मन मोडू न्हाई."

"अहो, पण मला आजारीच माणूस बघायचंय!"

"आसं कसं म्हणता? बरं झालेलं बघायला आलाव ना? मग हे बघा, किती बरं हाय."

ओसरीवर हशा पिकला. आधी मी सोडून सगळे हसले, मग मामी पदराआड हसल्या, मग मीही. राग तरी कोणावर धरायचा? तेव्हापासून नियम केला. आधी साबणाने हात धुवायचे, मग तपासणी, आणि कार्डावर पुन्हा अंगठा. मग खरे पेशंट येऊ लागले, आणि त्यातलेही बहुतेक खरंच बरे झाले होते. काय आनंदाचे दिवस होते ते...

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणचाळीस झाले. राहिली फक्त धुरपता. गावापासून कोसभर लांब आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटात राहणारी, ग्यानबाची बायको, कडेवर वर्षाची मुलगी. पहिल्या वेळी तिला चांगलाच ताप होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचं होतं. सरांनी दिलेली मुदत संपत आली होती, उशीर झाला तर निबंध बाद आणि वर्ष बुडालं.

तेवढ्यात ती आली, एकटीच. स्वतःहून साबण घेतला, खसाखसा हात धुतले. पिवळा रंग होता तसाच राहिला. ताप नाही, डोळे स्वच्छ. मी बोट टोचलं, रक्त घेतलं, कार्डावर अंगठा घेतला. तिच्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा वण होता.

"कसं वाटतंय?"

"लई हलकं वाटून राह्यलं डाक्टर. तेवढंच सांगाया आले."

मामींनी तिला गूळपाणी दिलं, ते पिऊन ती गेली. काच तिथल्या तिथे पाहिली. रक्त साफ. मी लिहिलं — बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी जुंपून तयार, आणि ग्यानबा दारात. हात जोडलेले, डोळे सुजलेले.

"डाक्टर, आमची ऱ्हायली तपासायची. पाच दिवस झाले, उठली न्हाई. मारोतराव म्हणले भावजयीला हळद लावून पाठीव, पन मन होईना."

मी म्हणालो, "अरे, ती काल येऊन गेली ना."

ग्यानबा म्हणाला, "कशी येईल? काल दिसभर माझ्या मांडीवर डोकं व्हतं तिचं."

मला वाटलं, झालं, पुन्हा फसवलं मला. सामान भरलेली गाडी तशीच वळवून तणतणत आखाड्यावर गेलो. धुरपता खाली घोंगडीवर निजलेली. अंग तव्यासारखं, शुद्ध नाही, आणि कातडी पिवळी नाही. अजिबात नाही. माहेरी सांगावा गेला होता, सासू चमच्याने तुळशीचं पाणी घालत होती.

"गोळ्या कुठं गेल्या हिच्या?"

सासू रडत म्हणाली, "लेकराला बी ताप व्हता. तुमी फक्त हिला दिल्या. हिनं कुटून कुटून समद्या लेकराला चारल्या." कोपऱ्यात ते लेकरू पिवळंजर्द, हसत, भाकरी चोखत बसलं होतं. मोठ्या माणसाच्या गोळ्या तान्ह्याला! देवाची कृपा म्हणायची, दुसरं काय.

मी धुरपताचा अंगठा कार्डावर घेतला. आता एका कार्डावर तीन अंगठे झाले — पहिल्या भेटीचा, कालचा, आजचा. तिन्हींत तोच आडवा वण, रेषेला रेष तीच. रक्त पाहिलं, तर हिवतापाच्या जंतूंनी बुजबुजलेलं.

"आता काही उपेग न्हाई ना?" ग्यानबाने विचारलं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही बरी होणार. मी हिला बरं झालेलं पाहिलंय."

गाडी परत पाठवली. वसमतच्या दवाखान्यात पोचवायची क्विनाईनची तीन इंजेक्शनं माझ्याजवळ होती, ती तिलाच टोचली. मग पिवळ्या गोळ्या, गुळाच्या पाण्यातून. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. पाचव्या दिवशी भाकरी मागितली, तेव्हा सासूने मला पुरणपोळी केली आणि ग्यानबा गोठ्यात जाऊन रडला. बाराव्या दिवशी धुरपता उन्हात येऊन बसली, हात पिवळे, डोळे स्वच्छ. त्या दिवशी ओसरीवर पाहिली होती तश्शी. मामी आल्या होत्या, त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "गूळपाणी पिऊन गेली ती हीच."

मी धुरपताला सगळं सांगितलं. ती विचार करून म्हणाली, "मला तर काहीच ठाऊक न्हाई. पन बरं झालेलं सांगाया आले आसंल, तर बराबरच केलं. तुमी निघून चालले व्हते ना."

हैदराबादला उशिरा पोचलो. सरांनी आधी झाडलं, मग चाळिसावं कार्ड भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. "मियाँ, ये कार्ड तुम रख लो," म्हणाले आणि मुदत टळलेली असूनही एकोणचाळीस पेशंटांवर निबंध घेतला.

मी काही तपास सोडला नाही. धुरपताला बहीण नव्हती. वण असलेली दुसरी बाई पंचक्रोशीत सापडली नाही. आठवणीचा घोळ म्हणावा तर काच आणि अंगठा खोटा कसा पडेल? काही म्हणजे काही उलगडा झाला नाही, आज इतक्या वर्षांनीही नाही.

एक गोष्ट मात्र नातीलाही आजवर सांगितली नव्हती. आदल्या दिवशी धुरपताला पाहिलं नसतं, तर त्या घोंगडीजवळ मी काय केलं असतं, ते मला पक्कं माहीत आहे. नाडी बघितली असती, मान हलवली असती, आणि कार्डावर "गुण नाही" लिहून गाडीत बसलो असतो.