शेवाळातले भाऊबंद

"पंखा बंद करा, आणि श्वास जरा जपून घ्या." बाटलीचं बूच काढताना सर हे म्हणायचेच. आत खसखशीच्या दाण्याएवढे भुंगे असायचे. एकदा मला शिंक आली आणि टिपकागदावरचा आठवडाभराचा शोध खिडकीबाहेर गेला. सर रागावले नाहीत. सर्दी जाईपर्यंत त्यांनी मला बेडकांच्या टेबलापाशी बसवलं, इतकंच.

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. सर शिकवायचे झुरळ आणि बेडूक, पण त्यांचा जीव या भुंग्यांवर. कॅनॉलच्या पाझरत्या भिंतीवरच्या शेवाळात ते राहतात आणि शेवाळच खातात. ते नेमके कुणाचे नातलग, हा सरांचा प्रश्न. प्रयोगशाळेत त्यांनी हाताने रंगवलेला वंशवृक्ष लावला होता. त्यात हे भुंगे पाण्यातल्या मोठ्या शिकारी भुंग्यांचे सख्खे भाऊ होते.

एका रविवारी आम्ही इंदापूरच्या वाटेवर, अंथुर्णे गावाजवळ कॅनॉलच्या पाझरावर गेलो. शेजारच्या वावरातले आबा बघायला आले. त्यांचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. सरांनी त्यांना भुंग्यांची सगळी भावकी समजावली.

"दोघं पाण्यात ऱ्हात्यात, म्हणून भाऊ व्हय?" आबांनी विचारलं.

"तसंच काहीसं."

"मग बेडूक बी त्यांचा भाऊच की. आमी मेंढरू पारखताना ते कुठं चरतं ते बघत न्हाय. तोंड उघडून दात बघतो."

परतीच्या एसटीत सर भुंग्यांची बाटली उजेडाला धरून बघत राहिले. पुढे महिनाभर ते सूक्ष्मदर्शकाखाली भुंग्यांचे जबडे तपासत बसले. प्रत्येकाच्या डाव्या जबड्यावर एक हलणारा दात होता. मोठ्या भुंग्यांना तो नव्हताच. मग त्यांनी वर्गात सांगितलं की इतकी वर्षं मी हा वंशवृक्ष चुकीचा दाखवला, आणि मुलांसमोरच ती फांदी पांढऱ्या रंगाने पुसली. मला कसंतरी झालं. सर मात्र खुशीत होते.

त्यांनी परदेशातल्या एका तज्ज्ञांना पत्र लिहिलं. काही महिन्यांनी उत्तर आलं. निरीक्षण अचूक आहे, पण या भुंग्यांचं घराणं वेगळं, हे शास्त्राला आधीपासून ठाऊक आहे, असं त्यात होतं. मला फार वाईट वाटलं. सरांनी पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे आपलं बरोबर आलं," ते म्हणाले, आणि पेढे घेऊन आबांकडे गेले.

निवृत्त होऊन ते बावड्याला, आपल्या गावी गेले. त्यानंतर मला एकदाच दिसले. मी एसटीने इंदापूरला निघालो होतो. खिडकीतून अंथुर्ण्याचा पाझर दिसला, आणि तिथे सर गुडघ्यांवर बसून भिंतीला नाक लावून होते. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, त्या म्हाताऱ्याचं काय पडलं असंल?

"काही नाही. पाहुण्यांकडे आलेत," मी म्हणालो.

हात करावासा वाटला. पण ते वळून बघणार नव्हते, आणि गाडीही थांबली नाही.