दोन सीटांची गाडी देऊळगाव राजाला पोचवताना

भुसावळहून सकाळी सातला निघालो तेव्हा सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, नेहमीप्रमाणे एक हात वर करून टपाची कडी धरली होती. आमच्या गाडीचा टप (कापडी छत) डाव्या कोपऱ्यात कधीच नीट बसला नाही. वेग साठच्या पुढे गेला की तो फडफडतो आणि मग तो तिने धरून ठेवायचा, अशी आमच्यात अकरा वर्षांपासून कामाची वाटणी आहे. तिचा हात भरून आला की मी वेग कमी करतो. माझ्याकडून तेवढीच मदत.

गाडी लाल, दोन सीटांची, उघड्या टपाची. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाने असली गाडी का घ्यावी, हे गल्लीतल्या प्रत्येकाने मला एकदा तरी विचारलंय. जुनी होती म्हणून परवडली, एवढंच उत्तर मी देत आलो. घेणं परवडलं, सांभाळणं मात्र अंगावर आलं. इंजिन नेहमीच्याच एका छोट्या गाडीचं असल्यामुळे ते कुठल्याही मेकॅनिकला कळतं. बाकीचं कुणालाच कळत नाही. तिचा डावा आरसा रिक्षाचा आहे, वायपर टेम्पोचा, आणि दाराच्या काचेचं रबर मी स्वतः जुन्या फ्रिजचं कापून बसवलंय. फायबरच्या अंगाला पडलेले तडे मी दर दिवाळीत भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत ते पुन्हा जागच्या जागी हजर होतात. पावसाळ्यात सीटखाली पाणी साचतं, ते डब्याने उपसावं लागतं.

आता माझा डावा गुडघा गेला. गाडी इतकी बुटकी की बाहेर पडायला सुनंदाने आधी उतरायचं, वळसा घालून यायचं आणि मला हात देऊन ओढायचं. तेव्हा गाडी विकायचं ठरलं. देऊळगाव राजाचा संतोष नावाचा एक बँड-मंडपवाला फोटो बघून ती घ्यायला तयार झाला. गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे आणि टप धड पाहिजे, एवढीच त्याची अट. त्याने घेतली नाही तर ती भंगारातच जाणार होती, कारण कागदांची मुदत संपत आली होती आणि आणखी एका तपासणीसाठी धावपळ करायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

मुक्ताईनगर मागे पडलं आणि कापसाचे ट्रक लागले. मार्गशीर्ष म्हणजे कापसाचा भर. ट्रकांमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लटकला होता, आणि तोच टपाच्या फटीतून आत येऊन सुनंदाच्या शालीवर बसत होता. ती एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने तो वेचत होती. मलकापूर येईपर्यंत ती माझ्याशी दोनच वाक्यं बोलली, आणि दोन्ही खड्ड्यांबद्दल होती.

टपासाठी मलकापुरात नामदेवकाकांकडे जायचं, असं एका ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरने सांगितलं होतं. सत्तरीचे गृहस्थ, कापसाच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवतात. जिनिंग मिलच्या भिंतीला लागून त्यांची पत्र्याची शेड आहे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"कोनाची हाय?"

"माझीच."

"लेकराची असंन असं वाटलं मले," ते म्हणाले. "सांगा, काय करू?"

अकरा वर्षांचं साचलेलं माझ्या तोंडून भडाभडा बाहेर आलं. "काका, पाणी आत यायला नको. वारा नको, धूळ नको, फडफड तर अजिबात नको. काय लागेल ते लावा, पण एकदाचं पक्कं करा."

"हाव. चार वाजता या."

दिवसभर काही उद्योग नव्हता. स्टेशनाजवळच्या एका खानावळीत कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि भरीत खाल्लं. भरीत इतकं झणझणीत होतं की डोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्या बाई सुनंदाला म्हणाल्या, "दही घ्या ताई, हे पुरुष लोकं सांगत नाहीत तिखट लागलं म्हून." नंतर बाजार समितीच्या कट्ट्यावर बसून आम्ही दोघांनीही डुलक्या काढल्या.

चारला शेडवर गेलो. गाडी ओळखू आली नाही. जाड खाकी कापडाचं, दुहेरी शिवणीचं छत तिच्यावर ताणून बसवलं होतं, टिचकी मारली तर वाजेल इतकं ताठ. कडेने दर वितीला पितळी रिंग, रिंगांतून ओवलेली दोरी, दोरी खाली चौकटीला आवळलेली, आणि पुढे काचेच्या वर ओळीने रिबिटा. टप ज्यांच्यावर उघडतो-मिटतो त्या लोखंडी कमानींची सुतळीने बांधलेली मोळी सीटवर ठेवली होती.

"या सळया निंगाल्या आतून," नामदेवकाका म्हणाले. "कामाच्या नव्हत्या."

त्यांनी सुनंदाला आत बसवलं आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. मग आतून तिचा आवाज आला, "एक थेंब नाही हो." इतक्या वर्षांत त्या गाडीतून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

मी शक्य तितक्या हळू विचारलं, "काका, हा उघडायचा कसा?"

"उघडाचा काऊन?"

"म्हणजे… हिवाळ्यात ऊन घ्यायला. वाऱ्यावर जायला."

त्यांनी दाभण खिशाला टोचून ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "गुरुजी, चाळीस वर्सं झाले मी शिवून राह्यलो. एकाही कापूसवाल्यानं मले छप्पर उघडाले सांगतलं नाही. तुमी म्हनलं पानी नको, वारा नको, धूळ नको. उघडं ठेवाचं असतं तं तुमी माह्याकडे आलेच नसते."

टप उघडला पाहिजे, हे मी सकाळी एका शब्दानेही बोललो नव्हतो. सुनंदा माझ्या बाहीला धरून पुटपुटली, "आता काही बोलू नका. दिवस घालवलाय त्यांनी." नामदेवकाकांनी वर चहा पाजला. निघताना त्यांनी एका रिंगेला बोट लावून ओढून पाहिलं आणि समाधानाने हात मागे घेतला. मीही काम छान झालंय म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं.

मोताळ्याच्या रस्त्याला लागलो. सवयीने सुनंदाचा हात वर गेला आणि तिथे धरायला कडीच नव्हती. तिने हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं तर मान खिडकीला टेकवून तिला झोप लागली होती. या गाडीत ती कधी झोपू शकेल असं मला वाटलं नव्हतं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. या बाईला आपण इतकी वर्षं एक छप्पर धरायला लावलं, हे तिच्या रिकाम्या हाताकडे बघून पहिल्यांदा नीट कळलं.

राजूर घाटात गाडीने तिचं नेहमीचं नाटक केलं. तापमानाचा काटा वर चढला, बॉनेटमधून वाफ आली. मी कडेला थांबलो, सुनंदाला उठवून तिच्या हाताने बाहेर पडलो आणि बॉनेट उघडलं. सोबत पाण्याचे तीन कॅन असतातच. दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटरसायकलवाला आपण होऊन थांबला, आत डोकावला आणि म्हणाला, "दोनच सीटा? मंग बाकीच्याइनं कुठं बसाचं?"

"बाकीचे एसटीने येतात."

"बराबर हाय," तो गंभीरपणे म्हणाला. इंजिन निवेपर्यंत तो माझ्याजवळ उभा राहिला. अंधार पडता पडता आम्ही बुलढाण्यात पोचलो आणि जेवून लॉजवर आडवे झालो.

दुसऱ्या दिवशी चिखलीवरून देऊळगाव राजाला पोचायला साडेदहा वाजले. दुतर्फा तूर फुलली होती, हवा गार होती, आणि हे सगळं मी पहिल्यांदाच बंद गाडीतून पाहत होतो. सुनंदाला बालाजीचं दर्शन घ्यायचं होतं. ती देवळात जाऊन येईपर्यंत मी गाडीतच बसून राहिलो, कारण मला बाहेर कोण ओढणार? संतोषला काय सांगायचं याची मी मनाशी तीनदा उजळणी केली.

संतोष पस्तिशीचा, उत्साही माणूस. गाडी बघून आधी हरखला, मग वर पाहून थबकला.

"सर, हे उघडंना का?"

"नाही. पक्कं बसवलंय."

"मग मला काय उपयोग? परण्याला (लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो त्या मिरवणुकीला) पाहिजे मला ही. डीजेनं घोडी बिचकती म्हणून तर गाडी घ्यायलो. नवरदेव झाकून कसं चालंल, लोकाला दिसाया पाहिजे ना." मग तो जरा ओशाळला. "आज दुपारचीच बुकिंग घेतली होती, तुमच्या भरवशावर. कापून काढावं लागंल. चालंल का?"

सुनंदाने मला बाजूला घेतलं. "कापू नका," ती म्हणाली. "आता कुठे बसण्यासारखी झाली ही. घरी नेऊ या. कागदांचं बघू, मी येते तुमच्याबरोबर चकरा मारायला."

गेली अकरा वर्षं हीच बाई मला 'कधी काढताय ती' म्हणून विचारत होती. तिने हे वाक्य दोन वर्षांपूर्वी जरी म्हटलं असतं तरी मी नाचत गाडी घरी नेली असती. त्या दिवशी मला फक्त घाट दिसला, ते तीन कॅन दिसले, तपासणीची रांग दिसली. मला ती गाडी नको झाली होती. गुडघा हे सांगण्यापुरतं कारण होतं. मी दमलो होतो, आणि हे मी तोवर स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "देऊन टाकू."

संतोषने मंडपाचं कापड कापायचं पातं आणलं. मी ते त्याच्या हातातून घेतलं. नामदेवकाकांची शिवण दुहेरी होती, सहजासहजी सुटेना. चारही बाजूंनी कापायला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ सुनंदा पाठ करून उभी होती. कापलेलं छत मी घडी करून संतोषला दिलं, बँडच्या पेटाऱ्यावर घालायला. ते फेकायचं नाही, असं मी त्याला दोनदा बजावलं.

दुपारी तो म्हणाला, "आजचा दिवस तुम्हीच चालवा सर. गर्दीत मला नवी गाडी जमायची नाही." मग लक्षात आलं की नवरदेवासोबत करवली (कऱ्हा घेऊन बसणारी लहान बहीण) हवी, आणि सीट उरली एकच. शेवटी करवलीला सीटवर बसवलं आणि नवरदेवाला मागे डिकीवर. त्याचे बूट सीटच्या पाठीवर, एक हात माझ्या खांद्यावर. मारुतीचं देऊळ हाकेच्या अंतरावर होतं, तिथे पोचायला तास लागला. क्लच अर्धा दाबून गाडी माणसाच्या पावलाने न्यायची, म्हणजे माझ्या डाव्या गुडघ्याची परीक्षाच. पुढे पोरं नाचत होती. दारोदारच्या बायका नवरदेवाला ओवाळत होत्या, आणि एका आजींनी गाडीला आणि मलाही ओवाळलं. काटा वर चढत होता, पण गाडीने त्या दिवशी माझी लाज राखली. देवळासमोर मी किल्ली संतोषच्या हातात दिली आणि त्यानेच मला बाहेर ओढून काढलं. सुनंदा गर्दीच्या पलीकडे, एका किराणा दुकानाच्या ओट्यावर उभी होती.

चिखलीची बस लगेच मिळाली. ती खिडकीशी, मी शेजारी. सीट उंच होती, पाय पसरता येत होते, आणि कुठला आवाज कशाचा हे ऐकत बसायची गरज नव्हती. मला सुटल्यासारखं वाटत होतं.

गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "एक सांगू? ती गाडी चालताना मी आज पहिल्यांदा पाहिली."

मला कळलं नाही.

"म्हणजे बाहेरून. माझ्याशिवाय तुम्ही ती कधी काढलीच नाहीत, आणि मी कायम आतच असायची ना, ते छप्पर धरून. आज ती वळणावरून आली, तुम्ही आत, वर तो पोरगा… मला वाटलं, ही कोणाची एवढी सुंदर गाडी?" ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. "आधी दिसली असती तर मी तुम्हाला एवढं बोलले नसते."

मी ती गाडी घेतली होती ती रस्त्यावरून जाताना पाहूनच. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या शालीला कालचा कापूस अजून चिकटलेला होता, तो मी वेचून काढला.