दाजी कॅमेरा निवडतात

बहिणीच्या नवऱ्याबद्दल वाकडं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. दाजी घरी आले की पहिलं ताट त्यांना, बसायला खुर्ची त्यांना, आणि ते काहीही बोलले तरी आपण मान डोलवायची. मी वीस वर्षं डोलवली. आता मान दुखायला लागली आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमचे दाजी म्हणजे बुद्धभूषण. कोल्हापुरातच एका सरकारी कचेरीत क्लार्क आहेत. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, घरात आवाज चढवत नाहीत, जयंतीच्या मिरवणुकीत लोकांना पाणी द्यायला सगळ्यांत पुढं. खोड एकच. त्यांना वस्तू घ्यायची नसते, निवडायची असते. घरात छताला पंखा लागेपर्यंत दोन उन्हाळे सरले. मुलगी बघायला आले तेव्हा होकार त्यांच्या वडिलांनी जागच्या जागी देऊन टाकला म्हणून बरं. दाजींवर सोडलं असतं तर माझी पूर्णिमाताई अजून पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभी असती.

त्यांची एकुलती एक मुलगी संघप्रिया. ती फुटबॉल खेळते. आमच्या गावात फुटबॉल खेळणं ही काही साधी गोष्ट नाही. इथं भाजीवाल्या मावशीलाही ऑफसाइड कळतो, आणि कुठल्या पेठेचा संघ हरला यावरून सख्खे भाऊ आठ-आठ दिवस बोलत नाहीत. शाळेत गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं, संघप्रिया वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून तिला उभं केलं, आणि पोरगी तिथंच रुजली. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमीच चालवतात; पुढं आमच्या पेठेतल्या तालमीनं मुलींचा संघ काढला तेव्हा गोलकीपर म्हणून दुसऱ्या कुणाचं नावच निघालं नाही.

तिचा प्रत्येक सामना ताई बघते. माझं स्टेशनरीचं दुकान आहे, मी शटर ओढून जातो. दाजी मात्र एकदाही गेले नव्हते. प्रेम नव्हतं म्हणून नव्हे. प्रेम भरपूर होतं, तेच आडवं आलं. त्यांचं म्हणणं, "लेकीचा खेळ हाय मेव्हणं. रिकाम्या हातानं कसं जायाचं? एकदा चांगला कॅमेरा घिऊ द्या, मग एक म्याच चुकवत न्हाय बघा." खिशात मोबाईल होता. पण मोबाईलनं काढतात त्याला दाजी फोटो मानत नव्हते.

संघप्रिया हे ऐकत मोठी झाली. सामना सुरू व्हायच्या आधी ती एकदा गॅलरीकडं बघायची, आम्ही दोघं दिसलो की हात करायची आणि हातमोजे चढवायची. तक्रार तिनं कधी केली नाही. एकदाच, दुकानात वह्या न्यायला आली असताना, खाली बघत म्हणाली की मामा, पप्पांनी एकदा तरी मला खेळताना बघायला पाहिजे. मी म्हटलं, येतील गं. दुसरं काय म्हणणार?

आता दाजींचं घोडं कुठं अडलं होतं ते सांगतो. बाजारात त्यांच्या ऐपतीतले कॅमेरे दोन जातीचे होते. एक डीएसएलआर, सुरुवातीच्या माणसाला देतात तो. फोटो झकास, सांजच्याला उजेड उतरला तरी चेहरा साफ येतो, पण सोबत मिळते ती लेन्स आखूड; लांबचं जवळ आणायचं तर दुसरी लेन्स घ्यावी लागते. दुसरा सुपरझूम, त्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात. त्याची लेन्स कायमची चिकटलेली, पण अशी लांब की गॅलरीत बसून गोलकीपरच्या बुटाची नाडी दिसावी. फक्त ऊन गेलं की फोटो रवाळ. आणि आमच्याकडे सामने दुपार कलल्यावर सुरू होतात आणि दिवेलागणीला संपतात. थोडक्यात, अर्ध्या सामन्याला एक कॅमेरा बरा आणि अर्ध्याला दुसरा. असला प्रश्न दाजींना मिळणं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

हा प्रश्न घेऊन ते रोज संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचे. तिथं म्हशी रस्त्याकडेला आणून गिऱ्हाइकासमोर पिळतात. फेसाचा ग्लास तोंडाला लावायचा आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत द्यायचं, अशी रीत. केरबा गवळी धार काढता काढता म्हणाला, लांबचं दिसतंय तेच घ्या. त्यावर सायकल दुरुस्तीवाल्या आकारामनं जाहीर केलं की जे चिकटलेलं असतं ते बिघडतं, सुटं असलेलं बरं. दोघांनीही आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावलेला नव्हता. त्यामुळं दोघंही ठाम होते. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. दाजींनी जनाचं ऐकलं, पुन्हा ऐकलं, उलटं करून ऐकलं, आणि करायचं तेवढं राहून गेलं.

एकदा तर कॅमेऱ्याच्या दुकानात जायचंच असं ठरलं. पण एकटं कसं जायचं? आमच्याकडे म्हैस घ्यायची झाली तरी चार जाणती माणसं सोबत नेतात. दाजींनी केरबाला घेतलं, आकारामला घेतलं, आणि माझ्या दुर्दैवानं मलाही. दुकानदारानं दोन्ही कॅमेरे काचेवर मांडले. केरबानं एकेक उचलून वजन घेतलं. आकारामनं लेन्सवर फुंकर मारली, तेव्हा दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं तरीही सभ्यपणे विचारलं की फोटो कशाचे काढायचे आहेत. पोरीचे, ती गोलात असते, दाजी म्हणाले. मग हा लांबचा घ्या. पण संध्याकाळ झाली तर? मग हा दुसरा घ्या. पण ती लांब असली तर? दुकानदारानं कॅमेरे पेटीत घातले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. येताना दाजी खूश होते. म्हणाले, बरं झालं, घाई केली नाही.

असे हंगामामागून हंगाम गेले. संघप्रिया अकरावीत गेली, बारावीत गेली. बारावीनंतर तिनं पुण्याच्या कॉलेजात जायचं ठरवलं. त्या वर्षी तालमीचा संघ अंतिम सामन्याला पोहोचला. कोल्हापुरात आपल्या संघाकडून खेळायचा हा तिचा शेवटचा सामना. ताईनं तेव्हाच दाजींना स्पष्ट सांगितलं, कॅमेरा असो नसो, तुम्ही यायचंच.

कॅमेऱ्याचा निकाल शेवटी लागला तो गडहिंग्लजच्या एका लग्नात. तिथला फोटोग्राफर म्हणजे विशीतलं पोरगं, पण गळ्यात काळा, जाड डीएसएलआर. ते नवरदेवाच्या बापाला म्हणालं, "पावणं, जरा मागं सरा." आणि बाप सरला. मामा सरला. व्याही सरले. दाजी जेवणाच्या पंगतीतनं हे बघत राहिले. सेन्सर, लेन्स, उजेड, सगळं त्या क्षणी मिटलं. परत येताना एसटीत त्यांनी मला सांगितलं, डीएसएलआरच घ्यायचा. कारण विचारलं तर म्हणाले, फोटोची क्वालिटी.

अंतिम सामन्याला दाजी आले. गळ्यात कॅमेरा, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. ताईनं आमच्या दोघांच्या मध्ये त्यांना जागा धरली होती. ते बसले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. पुन्हा लावला. सबंध मैदान ओलांडून पलीकडच्या गोलात पिवळ्या जर्सीतली संघप्रिया, आणि आखूड लेन्समधून ती मोहरीएवढी दिसत होती. "जवळ गेल्याबिगर जमायचं न्हाय," म्हणून ते उठले.

मैदानाच्या फाटकावर एका कार्यकर्त्यानं अडवलं. पावणं, पेपरवालं काय, त्यानं विचारलं. दाजी खोटं बोलत नाहीत. त्यांनी फक्त कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला. कार्यकर्त्यानं फाटक उघडलं. हातात ब्रिज कॅमेरा असता तर त्यांना कुणी पेपरवाला समजलं नसतं, आणि दाजी निमूट आमच्याजवळ येऊन बसले असते. पण काळा डीएसएलआर बघून आमच्या गावात माणसाला वाट मिळते.

ते गोलाच्या मागं जाऊन बसले, जाळीला लागून. संघप्रियानं वळून बघितलं. आधी तिला ओळखच पटली नाही. मग तिनं हातमोजा घातलेला हात इतका उंच केला की ताईला हुंदका आला, आणि खरं सांगतो, माझेही डोळे भरले. पहिल्यांदाच तिचा बाप तिच्या पाठीशी बसला होता. मागं काय बडबडलो ते सगळं मी त्या क्षणी मनातल्या मनात परत घेतलं.

पहिला हाफ गोलशून्य सुटला. संघांनी बाजू बदलल्या, म्हणून दाजीही पलीकडच्या गोलामागं निघाले. वाटेत व्यासपीठ होतं, आणि त्याच वेळी प्रमुख पाहुणे आबासाहेब येऊन पोहोचले होते. स्पर्धेचा ठरलेला फोटोग्राफर आलाच नव्हता. एका आयोजकानं दाजींना बघितलं. "ओ फोटोग्राफर, हिकडं या की, सत्कार घ्यायचा हाय."

एक सत्कार असता तर गोष्ट वेगळी. आधी आबासाहेबांना शाल, श्रीफळ, फेटा. मग त्यांना घेऊन आलेल्यांना शाल. मग ज्यांनी शाली आणल्या त्यांना. खाली पोरी जीव तोडून पळत होत्या आणि वर नारळ हलत होते. दाजी म्हणाले, साहेब, जरा इकडं बघा, आणि साहेबांनी बघितलं. दाजी म्हणाले, थोडं हसा, आणि साहेब हसले. कचेरीत उभा जन्म साहेबांच्या टेबलापुढं फाइल धरून काढलेला माणूस तो. त्याच्या सांगण्यावरून एका बड्या असामीनं मान वळवली. मला त्यांचं सुख कळत होतं. रागही असा आला होता की बोलून सोय नाही.

सामना बरोबरीत सुटला. टायब्रेकर. म्हणजे आता एकेक किक, आणि समोर एकटी गोलकीपर. ताईनं मला ढकललं. मी गॅलरी उतरून कठड्याशी धावलो आणि ओरडलो, "दाजी, पोरगी गोलात हाय! टायब्रेकर हाय!"

दाजींनी डोळ्याचा कॅमेरा न काढता डावा हात माझ्याकडं केला. "थांबा की मेव्हणं. फेटा सुटला सायबांचा, परत बांधाय लागल्यात."

शेवटची किक होती. ती अडवली की कप आमचा. संघप्रियानं गोलामागं बघितलं. तिथं पाण्याच्या बाटल्या होत्या. तिनं आमच्या बाजूला बघितलं, ताई एकटी उभी होती. मग ती समोर वळली. किक बसली आणि पोरीनं उजवीकडं अंग झोकून दिलं. चेंडू तिच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला. पुढचं मला नीट आठवत नाही, कारण हलगी वाजत होती आणि मी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो होतो. गलका ऐकून दाजी वळले तोवर संघप्रिया बाकीच्या पोरींच्या ढिगाखाली गेली होती.

घरी आल्यावर दाजींनी कॅमेरा टीव्हीला जोडला. फोटो चांगले होते, मी खोटं का बोलू? आबासाहेबांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. पुढचा माणूस उठावदार आणि मागचं सगळं धूसर, हे या कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य, असं दाजींनी आम्हाला समजावलं. शाल, नारळ, फेटा, सुटलेला फेटा, पुन्हा बांधलेला फेटा. संघप्रिया खरचटलेल्या कोपराला हळद लावून घेत बघत होती. एका फोटोवर दाजी थांबले. आबासाहेबांच्या कानाच्या मागं, त्या धूसर हिरव्यात, एक पिवळा डाग होता.

"ही बघ," दाजी पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "पिवळं दिसतंय न्हवं, ती तूच. उडी मारताना."

संघप्रियानं डागाकडं बघितलं. रागानं नाही, अगदी शांतपणे. मग म्हणाली, "पप्पा, पुण्यात माझी पहिली मॅच असेल ना, तेव्हा कॅमेरा घरात ठेवा. नुसतं या."

ताईचा हात हळदीच्या वाटीतच राहिला. दाजींनी टीव्ही बंद केला. ते खरंच विचारात पडले होते, माणूस मनानं वाईट नाही हे मी आधीच सांगितलं. त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला, लेन्सवर झाकण बसवलं आणि लेकीकडं बघून विचारलं. खोचून नव्हे, अगदी मनापासून.

"नुसतं यिऊन करू काय?"